उत्तरेकडची जाळी

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि घरी एका पाखराबद्दल सात महिने धडधडीत खोटं बोलले. तेही नवऱ्याशी. का बोलले ते आधी सांगते, म्हणजे ज्याला मला नावं ठेवायची असतील त्याला ती नीट माहिती घेऊन ठेवता येतील.

आमचे हे मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत टूलरूमचे, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या खात्याचे, सुपरवायझर होते. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बडोद्यात तेव्हा घरोघरी केबल आली होती, रस्त्यांवर नव्या नव्या मोटारी दिसायला लागल्या होत्या आणि मकरपुऱ्यात जुन्या खात्यांना एकामागून एक कुलपं लागत होती. यांच्या कंपनीत परदेशातून मशिनं आली आणि टूलरूम बंद झाली. सगळ्यांना एकगठ्ठा स्वेच्छानिवृत्ती. कुणाची स्वेच्छा ते मात्र विचारायचं नाही.

पैशाची तशी ओढाताण नव्हती, माझी नोकरी होती, मुलगा पुण्याला शिकत होता. पण हे घरी आले आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. हा माणूस मुळात बोलघेवडा. भाजीवाल्याशी गुजरातीत गप्पा मारता मारता गवार आणायची विसरून येणारा. तो निजामपुऱ्यातल्या आमच्या घराच्या ओटल्यावर (आपला पुढचा ओटा) झोपाळ्यात बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघायचा. चहा घेता? हं. जेवायला वाढू? हं. मुलाचा फोन आलाय. हं. मी गोड बोलून पाहिलं, भांडून पाहिलं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, ते मीच संपवलं. सव्वा वर्ष हा 'हं' मी ऐकला. खरं सांगते, मला त्या काळात यांची भीती वाटायला लागली होती. शाळेतून घरी येताना कोपऱ्यावरूनच मी आधी झोपाळा हलतोय का ते बघायची.

मग उत्तरायण आलं, आपली संक्रांत. त्याचा दुसरा दिवस, वासी उत्तरायण. सगळं गाव गच्चीवर पतंग उडवत होतं, 'काप्यो छे'चा ओरडा चालला होता आणि हे आपले खाली ओटल्यावर. आमच्या कंपाउंडच्या कडेला एक शेतूर होतं. इथे राहून आम्हीही त्याला शेतूरच म्हणायचो, तुमचं तुतीचं झाड. जानेवारीत त्याच्या नुसत्या काड्या असतात, आणि त्या दिवशी काड्यांना मांजा लटकलेला होता. मी स्वयंपाकघरात होते. मागून आवाज आला, "हळद आण."

मी वळून बघितलं. हे दारात उभे, हातात रुमाल आणि रुमालात काहीतरी धडधडतंय. दोनच शब्द होते, पण त्यात क्रियापद होतं! मी धावत हळद आणली.

पाखरू चिमणीएवढंच होतं, पण चिमणी नव्हती. डोकं, गळा, छाती सगळं गुलालात बुडवून काढल्यासारखं, खाली पोट पांढुरकं, पाठ तपकिरी. चोच आखूड आणि चांगली जाडजूड. मांज्याने उजव्या पंखाखालची कातडी चिरली होती आणि तीन मोठी पिसं मधूनच तुटली होती. ह्यांनी स्टुलावर चढून नेलकटरने मांजा कापून त्याला सोडवलं होतं. वय बावन्न, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या न चढणारा माणूस!

"हे कसलं पाखरू?" ह्यांनी विचारलं.

"असेल मुनियाच्या जातीचं," मी म्हटलं. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. ते खोटं नव्हतं, ते नुसतं अज्ञान होतं.

दुसऱ्या दिवशी हे बाजारातून जाळी घेऊन आले आणि माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली काढली. चार दिवसांत पिंजरा तयार झाला. पिंजरा कसला, गिऱ्हाइकाला पाठवायचा माल होता तो. प्रत्येक कोपरा काटकोनात, दाराला स्प्रिंगची कडी, खाली ओढून काढता येणारा ट्रे. मी जाळीवरून हात फिरवला तर एक तार टोचली नाही. आणि पाखराचं नाव पडलं जावईबापू. आम्हाला मुलगी नाही, तरी जावई आला. कारण हा गडी मधोमध बसून राहायचा आणि जेवण आवडलं नाही की वाटीकडे पाठ करायचा.

जावईबापूंचं खाणं हा ह्यांचा उद्योग झाला. बाजरी, ज्वारी, अळशी, राळा (इथल्या दुकानात कांग मागावा लागतो) अशा वाट्या मांडायच्या आणि कुठली आधी संपते ते बघायचं. मागच्या मोकळ्या प्लॉटमधून गवताची कणसं खुडून आणायची. हे मला बोलवून दाखवायचे, "अगं बघ, दाणा चोचीच्या कडेला घेतो, जिभेने फिरवतो, साल बाजूने बाहेर आणि दाणा आत. दाण्याला ओरखडा नाही! आमच्या खात्यात असा एक कारागीर नव्हता." फेब्रुवारीत शेतुराला फळं धरली तेव्हा ह्यांनी त्याला ती दिली, तर या पठ्ठ्याने गर चिवडून टाकला आणि आतल्या बारीक बिया तेवढ्या खाल्ल्या. चोच, पाय, ट्रे सगळं जांभळं. हे हसले. मी पोळ्या करत होते, तव्यावरची पोळी करपली तरी मी ऐकत उभी राहिले. सव्वा वर्षाने घरात हसू आलं होतं.

आधी पाखराशी बोलायचे, मग माझ्याशी पाखराबद्दल बोलायला लागले, मग शेजारच्या बेनशी. ती बाई कुंपणापाशी येऊन "अरे, आ तो बहु रूपाळुं छे", फार देखणं आहे हो, म्हणाली की हे अर्धा तास जावयाचं कौतुक सांगायचे. होळीपर्यंत मुलाला स्वतःहून फोन लावण्यापर्यंत मजल गेली. मुलगा मला म्हणाला, "आई, बाबांना काय झालं?" मी म्हटलं, "काही विचारू नकोस, नजर लागेल."

याच्या जरा आधी, फेब्रुवारीतच, मी माती खाल्ली. शाळेच्या वाचनालयात पक्ष्यांचं एक रंगीत चित्रांचं जाडं पुस्तक होतं. म्हटलं, बघावं तरी आपला जावई कुठल्या गावचा. सापडला. पाखरंवाले याला तुती म्हणतात असं तिथे दिलं होतं, झाडालाही तुती आणि पाखरालाही. चित्र हुबेहूब. खाली लिहिलं होतं: हिवाळी पाहुणा. घर हिमालयात, मोठी झाडं जिथे संपतात त्याच्याही वर, रानगुलाबाच्या आणि ठेंगण्या झुडपांत. बर्फ पडायच्या आधी मैदानात उतरतो, दाण्यांवर आणि कळ्यांवर हिवाळा काढतो, एप्रिलच्या आसपास परत निघतो. प्रवास रात्रीचा. वीण, नराचं गाणं, घरटं सगळं तिकडे वर. आपल्याकडे तो नुसता पोट भरायला येतो.

मी ते पुस्तक पिशवीत घालून घरी आणायला निघाले. फाटकापर्यंत आले. मग परत फिरले आणि प्रयोगशाळेच्या कपाटात मोरचुदाच्या बरणीमागे ठेवून दिलं. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची.

मार्चमध्ये पंख भरला. दार उघडून ठेवलं तर जावईबापू खोलीत दोन फेऱ्या मारून पडद्याच्या दांडीवर बसायचे. उड्डाण जरा उजवीकडे झुकायचं, तुटक्या पिसांच्या जागी नवी आली नव्हती, पण उडायचे. एका संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "तू बायॉलॉजीवाली. सांग, आता याला सोडायला हवं ना? तुटकी पिसं तर अजून तशीच आहेत. पण त्याचे कुणी असतील, वाट बघत असतील."

विचारलं ते सोडण्याबद्दल, पण चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं. आणि मी म्हटलं, "घाई काय आहे? इथलंच पाखरू आहे, कधीही सोडता येईल. पावसाळ्यानंतर नवी पिसं येऊ देत."

"इथलंच आहे ना नक्की?"

"इथलंच."

"मग चालशे," हे म्हणाले, आणि इतके खूश झाले की मलाही आपण काही पुण्य केलं असं वाटलं. खरं तर पिसांची अडचण खरीच होती. म्हणजे अर्धं खरं माझ्याजवळ होतं. पण उरलेलं अर्धं मी कपाटात कोंडलं होतं, आणि कोंडलं ते पाखरासाठी नाही. हे परत झोपाळ्यावर भिंतीकडे तोंड करून बसतील, या भीतीने.

एप्रिल लागला आणि दिवेलागणीनंतर पिंजऱ्यात फडफड सुरू झाली. दिवसभर शहाण्यासारखा बसणारा जीव अंधार पडला की जाळीवर झेपा घ्यायचा. पडायचा, उठायचा, परत झेप. कपाळावरची पिसं गेली, तिथे लाल दिसायला लागलं. ह्यांना झोप येईना.

"काय होतंय गं याला?"

"मांजर दिसत असेल," मी म्हटलं. "घाबरतं बिचारं."

मांजराचा बंदोबस्त झाला. दूध कपाटात जाऊ लागलं, पिंजऱ्यावर टॉवेल पडला. फडफड तशीच. मग ह्यांच्यातला टूलरूमवाला जागा झाला. सकाळी चष्मा लावून त्यांनी जाळी तपासली आणि मला बोलावलं. "इकडे बघ. पिसांचे तंतू, रक्ताचे डाग सगळे एकाच बाजूला. बाकी तिन्ही बाजू स्वच्छ. झीज एकाच बाजूला असली की जोर त्याच बाजूला आहे असं समजायचं." त्यांनी जाळी पुसून काढली, त्या बाजूवर पेन्सिलीने खूण केली आणि पिंजरा अर्धा फिरवून ठेवला. दोन दिवसांनी खुणेची बाजू स्वच्छ आणि तिच्या समोरची डागाळलेली. परत फिरवला, परत तेच. पिंजरा कसाही ठेवा, पाखरू स्वयंपाकघराकडच्याच अंगाला धडकायचं.

आमचं स्वयंपाकघर उत्तरेला होतं.

"तिकडे आहे तरी काय?" हे विचारत होते.

चौथीतल्या पोरालाही बडोद्याच्या उत्तरेला काय आहे ते सांगता येईल. मी म्हटलं, "मांजर तिकडच्याच खिडकीतून येतं."

हे बाजारात गेले, चांगला जाड स्पंज आणला, मापात कापला आणि त्या बाजूच्या जाळीला आतून चिकटवला. "आता लागणार नाही त्याला," म्हणाले. मी तिथे उभी राहून डिंकाची बाटली धरली होती. आज इतकी वर्षं झाली, पण ती बाटली धरलेला माझा हात मला अजून आवडत नाही.

मे महिन्यात फडफड थांबली. मग आमचा उन्हाळा. माणसं भाजून निघतात तिथे बर्फाच्या गावचं पाखरू चोच उघडी टाकून बसायचं. हे सकाळ-दुपार गोणपाट भिजवून पिंजऱ्यावर टाकायचे, आणि कूलर त्याच्याकडे वळवायचे. नवरा माझा, कूलर माझ्या पगाराचा आणि वारा जावयाला! मी तसं बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "अगं, इथलंच पाखरू ते, पण नाजूक दिसतंय." मी कूलरमध्ये पाणी भरलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. त्या उन्हाळ्यात कुणी नुसतं 'डोंगर' म्हटलं तरी माझा घास अडकायचा.

पावसाळा ओसरता ओसरता पिसं झडायला लागली. ट्रेमध्ये रोज गुलाबी कोंडा. हे म्हणाले, "चला, नवी पिसं येतील आता, तू म्हणाली होतीस तशी." नवी आली. पंखाची तीनही मोठी पिसं छान भरून आली. पण डोक्यावर आणि छातीवर लाल काही येईना. आली ती मळकट पिवळी, धुऊन धुऊन विटलेल्या हळदीच्या डागासारखी. गुलाल गेला तो गेलाच.

ह्यांनी जीव टाकला. वाट्या बदलल्या, गाजर किसून दिलं, बीट दिलं. स्कूटरवर पिंजरा घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, रंगाचं काही सांगता येत नाही. मी शाळेत जाऊन कपाट उघडलं, बरणी सरकवली आणि तेच पान परत वाचलं. शेवटच्या ओळीत होतं, फेब्रुवारीत मी तिथवर आलेच नव्हते: याचा लाल रंग रानातल्या खाण्यावर येतो, पिंजऱ्यात ठेवलेल्या नराचा रंग पिसं बदलली की जातो.

घरी आले तर हे पिंजऱ्यासमोर पाटावर बसलेले. "माझ्याकडून काहीतरी चुकलं गं," म्हणाले. "मी याचं वाटोळं केलं." मला रडूच कोसळणार होतं. तेव्हा तरी सांगायचं की नाही? नाही सांगितलं. धीर झाला नाही.

आणि ऑक्टोबरमध्ये एका सकाळी शेतुरावर पंधरा-वीस पाखरं उतरली. मी ओटल्यावर गवार मोडत होते. 'ट्वी?' असा एक आवाज आला, शेवट वर उचललेला, कुणी काही विचारावं तसा. पिंजऱ्यातून तसंच उत्तर गेलं. नऊ महिन्यांत जावईबापूंनी हा आवाज एकदाही काढला नव्हता. हे उठून उभे राहिले. झाडावर निम्मी तपकिरी, पण चार-पाच नर असे लालबुंद की सकाळच्या उन्हात नजर ठरेना.

"अगं, याची मंडळी! बघ, आपला पण असाच होता," हे म्हणाले. मग हळू आवाजात, "उन्हाळाभर एकही दिसलं नाही. कुठे होते गं हे सगळे?"

मी हातातली गवार ताटात ठेवली. "हिमालयात."

"म्हणजे?"

"तिकडचंच पाखरू आहे ते. एप्रिलमध्ये परत जातं. याला जायचं होतं, म्हणून तो धडका देत होता. मांजर नव्हतं काही."

"तुला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ते आत गेले, पेटीतून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि जाळीला चिकटलेला स्पंज खरवडून काढायला लागले. तुकडा तुकडा निघत होता. सगळा निघेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. बेनशी बोलायचे, मुलाशी फोनवर बोलायचे, पाखराशी बोलायचे. माझ्याशीच नाही. ज्या गोष्टीला घाबरून मी हे सगळं केलं, ती माझ्या एकटीच्या वाट्याला आली. चांगलं झालं, म्हटलं, भोग आता. पुस्तक घरी आणून मी त्यांच्या झोपाळ्यावर ठेवलं. दिवाळीत फराळाचं ताट पुढे केलं तर ते न बघताच त्यांनी विचारलं, "हे किती लांब उडतात एका रात्रीत?"

मी म्हटलं, "नक्की माहीत नाही."

"माहीत करून घे," हे म्हणाले.

मग पूर्ण हिवाळा आमच्या घरात फक्त पक्षीशास्त्र बोललं गेलं. चहा, भाजी, गॅसचं सिलिंडर याबद्दल खुणा, आणि पाखराबद्दल पूर्ण वाक्यं. पाखरू लगेच सोडायचं की नाही यावर ह्यांनी दोन दिवस विचार केला. वर्षभर बसून खाल्लेलं, पंखांत जोर नाही, मांज्याचे दिवस तोंडावर. ठरलं की तयारी करून, उत्तरायण उलटल्यावर सोडायचं, म्हणजे त्याला त्याच्या मंडळींबरोबर जाता येईल. रोज सकाळी खोलीचा पंखा बंद, खिडक्या बंद, आणि पडद्याच्या दांडीपासून कपाटापर्यंत फेऱ्या. आधी पाचात धापा टाकायचा, पुढे वीस, पुढे चाळीस. फेऱ्या झाल्या की पिंजरा शेतुराखाली. वर त्याची मंडळी खायची, खाली हा. मागच्या प्लॉटवर इमारत उठायला लागली होती, गवत गेलं होतं, म्हणून ह्यांनी कुंपणाला ज्वारीची कणसं बांधली. मी शाळेच्या आवारातून रानगवताच्या बिया पिशवी भरभरून आणायची. पोरं म्हणायची, बाईंनी गाय पाळलीय वाटतं.

मार्चच्या सुरुवातीला, शेतूर फळांनी लगडलेलं असताना, ह्यांनी झाडाखाली पिंजऱ्याचं दार उघडलं. जावईबापू दहा मिनिटं आतच बसून राहिले. मग दारात आले, पिंजऱ्याच्या टपावर चढले, आणि सरळ झाडावर. झुकून नाही, सरळ.

नंतर महिनाभर तो आम्हाला दिसायचा. सगळ्या लाल नरांत हा एक विटका पिवळा, ओळखायला सोपा. पहिल्या दिवशी बाकीच्यांनी त्याला फांदीवरून हुसकावलं, तर हे खालून "अरे अरे, घ्या की त्याला" म्हणून काकुळतीला आले. घेतलं नंतर. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. पाखरं जातील, मग ह्यांचं काय?

एप्रिलच्या एका सकाळी झाड रिकामं होतं. हे तीन दिवस वाट बघत राहिले. पिवळा एकटा मागे राहिला नाही ना, हे त्यांना बघायचं होतं. नव्हता राहिला. तो वर पोचला की वाटेत कुठे पडला, देव जाणे. कुठलंही पुस्तक ते सांगत नाही.

चौथ्या दिवशी हे आत आले आणि म्हणाले, "गेले." आणि झोपाळ्याकडे न जाता स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसले. मी चहा टाकला.

"तू मला का सांगितलं नाहीस, ते मला त्याच दिवशी कळलं होतं," हे म्हणाले. "म्हणून तर तुझा इतका राग आला. मीही तेच केलं होतं."

आणि मग ते बोलले. टूलरूम बंद होणार हे ह्यांना तीन महिने आधी सांगितलेलं होतं. बाहेर बोलायचं नाही, अशी ताकीद होती. माणसं विचारायची, साहेब, काय ऐकतोय ते खरं का? हे म्हणायचे, छे, अफवा आहे, कामाला लागा. दिवाळी तोंडावर होती, निदान सण तरी गोड जाऊ दे, असं वाटलं. त्यांत एक टर्नर होता, लेथ चालवणारा, जळगावकडचा, हात सोन्याचा. त्याला दुसरीकडे नोकरी मिळत होती. तो एक दिवस येऊन विचारून गेला, "साहेब, जाऊ का?" आणि हे म्हणाले, "कशाला जातोस? इथे काय वाईट आहे?"

"त्याच्या भल्यासाठी बोललो असं मी स्वतःला सांगत होतो," हे म्हणाले. "पण हातातलं शेवटचं काम त्याच्याशिवाय पुरं झालं नसतं, तेही होतं मनात. तो थांबला. माझ्या शब्दावर थांबला गं." मग म्हणाले, "आता इथेच हरणी भागात कुठल्याशा सोसायटीत वॉचमन आहे. मागे एकदा समोरून येताना दिसला तर मी दुसऱ्या गल्लीत शिरलो."

सव्वा वर्ष मला वाटत होतं, नोकरी गेली म्हणून हा माणूस मुका झाला. अडीच वर्षं एका ताटात जेवून मला काही कळलं नव्हतं. जाऊ द्या हो, तुमचा काय दोष, असं म्हणणं सोपं होतं, आणि एरवी मी म्हटलंही असतं. पण असल्या गोड बोलण्याने काय होतं ते मी वर्षभर बघितलं होतं. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "उठा. स्कूटर काढा."

हरणीत तीन सोसायट्या विचारल्यावर तो सापडला. फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला, अंगावर खाकी शर्ट. ह्यांना बघून ताडकन उभा राहिला. "साहेब! तुम्ही?"

ह्यांनी रामराम केला नाही, काही नाही. "मला माहीत होतं," म्हणाले. "तू विचारायला आलास तेव्हा मला माहीत होतं की खातं बंद होणार. मी खोटं बोललो."

त्या माणसाने फाटकाची कडी उघडली आणि परत लावली. मग म्हणाला, "तेव्हा सांगायला हवं होतं, साहेब. ती जागा नंतर मिळाली नाही."

"हो," हे म्हणाले. पुढे एक शब्द जोडला नाही. दिवाळी नाही, ताकीद नाही.

माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि ह्यांनी मागितलंही नाही. पण जरा वेळाने त्याने समोरच्या चहावाल्याच्या लारीवर हात करून तीन चहा सांगितले, आणि मला बसायला आपली खुर्ची दिली.

परत येताना हे स्कूटर चालवता चालवता बोलायला लागले. त्या टर्नरबद्दल, खात्यातल्या इतरांबद्दल, कोण कुठे असेल, कुणाकडे आधी जायला हवं. वाऱ्यात मला निम्मं ऐकूच येत नव्हतं. मी मागे बसून नुसती हो, हो म्हणत होते.